ओसरती चाल

मेंढीला वाघरीपर्यंत न्यायचं, एवढंच काम होतं. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. आमच्याकडे कुणाच्या रानात कळप बसवला की अजूनही दिसते. सरांच्या कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी प्रत्येकाला हाच गेम करावा लागे. स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका, ती मेंढी. उजव्या कोपऱ्यात एक चौकोन, ती वाघर. गवत, ढग, झाडं वगैरे ज्याला हौस असेल त्यानं नंतर काढावीत, सरांची हरकत नसे.

मी मुळातच घाईची. आई सांगते, ही जन्मालाही पंधरा दिवस आधीच आली. मी एका ओळीत काम उरकलं. मेंढीची जागा बरोबर वाघरीची जागा. बटण दाबलं की मेंढी वाघरीत हजर. सगळ्यांच्या आधी झालं म्हणून मी ऐटीत हात वर केला. सर आले, खुर्चीमागं उभे राहिले, दोनदा बटण दाबून बघितलं आणि म्हणाले,

"ऑपरेटर, ही मेंढी न्हाई. हे भूत हाय."

पोरं हसली. मी चिडले. "पोचली की सर वाघरीत."

"पोचली, पण मधल्या वाटंवर कुणाला दिसली का? हितनं गायब आन् तितं हजर. मेंढरू असं जातं व्हय?"

मग त्यांनी मला उठवलं आणि दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. शिरूरला एका टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा क्लास होता आणि दुकानदारानं उरल्यासुरल्या टाइल्स वापरून वरची जमीन केली होती. दाराजवळ गुलाबी, मध्ये करड्या, टेबलापाशी कुणाच्या तरी देवघरासाठी आणलेल्या नक्षीच्या. "गेम म्हंजी काय, तर सेकंदाला साठ चित्रं," सर म्हणाले. "दर चित्राला किती चालायचं तेवढं आपण सांगायचं. चला, दर चित्राला एक फरशी." मी चालले. शेवटच्या फरशीला माझा पाय टेबलाच्या पुढं गेला. "पुढं गेला? मग मागं या." मागं आले तर टेबल एक वीत लांब. "आता पुढं." मी पुढंमागं, पुढंमागं करत राहिले आणि वर्गाची करमणूक झाली. स्क्रीनवर हेच केलं तेव्हा मेंढी वाघरीच्या दारात नुसती थरथरत उभी राहिली.

"हिला हिव भरलं," सर म्हणाले आणि पुढच्या ऑपरेटरकडे गेले.

सर आम्हा सगळ्यांना ऑपरेटर म्हणत. सातवीतल्या पोरीलाही ऑपरेटर आणि बी.एस्सी. झालेल्यालाही ऑपरेटर. प्रोग्रॅमला ते जॉब म्हणत. "काय ऑपरेटर, झाला का जॉब?" याचं कारण असं की क्लास काढण्याआधी बरीच वर्षं ते एमआयडीसीतल्या एका कंपनीत होते, संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर. आधी नुसते चालवायचे, मग त्या मशीनचे प्रोग्रॅम लिहायला लागले. गेम करायला कुठं शिकले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोबाइलवर बघून शिकलो म्हणायचे. घराणं मेंढपाळाचं, आजोबांपर्यंत वर्षातले आठ महिने फिरतीवर, वडिलांनी कुकडीच्या पाण्यावर थोडी जमीन केली आणि मेंढरं विकली. तरी घरात चार ठेवली होती, आईच्या समाधानासाठी.

मेंढीचा थरकाप थांबवायचा उपाय त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितला. त्याला त्यांनी स्वतःचं नाव दिलं होतं, ओसरती चाल. दर चित्राला ठरलेलं अंतर चालायचं नाही. किती अंतर उरलंय ते बघायचं आणि त्या उरलेल्याचा दहावा भाग चालायचा. लांब असताना पाऊल मोठं पडतं, जवळ येईल तसं लहान होत जातं. पाट बंद केल्यावर सरीतलं पाणी जसं पुढं पुढं जात मंदावतं, तशी मेंढी वाघरीपाशी येऊन मंदावायची. फार सुंदर दिसायचं ते. मी इतकी घाईची, पण मीही बटण दाबून दाबून वीस वेळा बघितलं.

एवढं करूनही गेम संपेना. मेंढी पोचली की "शाब्बास" अशी अक्षरं यायला हवी होती, ती येईनात. अर्धा तास शोधलं, तेवढा वेळ सर कपाटातल्या वायरी गुंडाळत बसले होते. मग तिथूनच म्हणाले, "उरलेल्याचा दहावा भाग घेतला, म्हंजी नऊ भाग ऱ्हायले. पुन्हा त्याचा दहावा, तरी ऱ्हायलेच. कवा पोचंल ती? डोळ्याला पोचली. हिशेबात न्हाई पोचली. शेवटची ओळ कोण लिहिणार?"

शेवटची ओळ अशी, की अंतर नखाएवढं उरलं की मेंढी उचलून सरळ जागेवर ठेवायची. क्लासमधल्या प्रत्येकाला निदान एकदा तरी "शेवटची ओळ कोण लिहिणार" हे ऐकावं लागलेलं आहे.

सरांचं सगळं वागणंच त्या ओसरत्या चालीचं होतं. मोपेडवर यायचे, तर दुकानाच्या अलीकडं शंभर पावलांवर इंजिन बंद करायचे आणि उरलेला रस्ता गाडी आपली आपण जाईल तशी जाऊ द्यायचे. कधी गाडी पाच पावलं आधी थांबायची. मग पायानं रेटत आणायचे, पण इंजिन पुन्हा चालू करायचे नाहीत. खडू ठेवताना टकटक व्हायची नाही. दार लावायचं तर हात फळीवर ठेवून शेवटपर्यंत तिच्याबरोबर जायचे. मस्टर पुढं करायचे तेही असं, की घेणाऱ्याला वाटावं यांना द्यायचंय की नाही. एकदा मी त्यांच्या हातून पेन झटकन घेतलं तर ते दचकले आणि हात मागं घेऊन बोटं बघायला लागले. मला तेव्हा हसू आलं होतं. तेव्हा का हसले म्हणून आता माझीच मला लाज वाटते.

त्यांच्या आई एकदा क्लासमध्ये आल्या होत्या. नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात काठी. सरांनी नवीन कॉम्प्युटर घेतला होता आणि आईला दाखवायचा होता. बाकीचे सगळे कॉम्प्युटर म्हातारे होते, त्यांचा पंखा सुरू झाला की खालच्या दुकानदाराला कळायचं. नव्यावर सरांनी मेंढीचा गेम लावला आणि बटण दाबलं. मेंढी सुसाट वाघरीत शिरली.

आई म्हणाल्या, "का रं, लांडगा लागलाय का तिच्या मागं?"

सर खजील झाले. जुन्या कॉम्प्युटरवर लावलं तर तीच मेंढी डुलत डुलत निघाली. "ही आजारी हाय," आई म्हणाल्या. मग सरांच्या ध्यानात आलं की नवा कॉम्प्युटर सेकंदाला जास्त चित्रं काढतो, जुना कमी. पावलं चित्रावर मोजली की कॉम्प्युटर बदलला की चाल बदलणारच. आधीच्या चित्रापासून या चित्रापर्यंत किती वेळ गेला ते बघून त्या प्रमाणात पाऊल टाकायला हवं. ते त्यांनी तिथल्या तिथं दुरुस्त केलं. दोन्हीकडं मेंढी सारखी चालायला लागली. आईंचं समाधान मात्र झालं नाही. "एकटी मेंढी कवा चालती व्हय?" एवढं म्हणून त्या जिना उतरल्या. पुढं महिनाभर सर एका मेंढीच्या मागं बाकीच्या कशा वळतील ते लिहीत होते.

त्यांची एक सवय मला अगदी असह्य व्हायची. स्वतः लिहिलेलं ते स्वतः कधी तपासायचे नाहीत. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की कुणाला तरी उभं करायचे. "वाचा. मोठ्यानं. आकडे सुटे सुटे वाचा." आपण वाचायचं, शून्य, टिंब, एक. मग दुसऱ्याला उभं करायचे. "हं, तुम्ही वाचा." बरोबर आहे सर, म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, तुम्हीच लिहिलंय, तुम्हाला माहीत न्हाई का?"

"माझ्या लिहिण्यावर माझा इश्वास न्हाई," ते म्हणाले. एवढं म्हणून त्यांनी पुढच्या ऑपरेटरला उभं केलं.

नंतर पुण्यात एका गेम कंपनीत मुलाखतीला गेले, तेव्हा समोरच्या चष्मेवाल्यानं विचारलं, एखादी वस्तू हळूहळू ठरलेल्या जागी न्यायची असेल तर काय कराल? माझ्या तोंडून निघालं, ओसरती चाल. तो म्हणाला, सॉरी? मग मी टेबलावरची पाण्याची बाटली घेऊन सगळं करून दाखवलं, हिव भरणं, शेवटची ओळ, लांडगा सगळं. नोकरी मिळाली. ओसरत्या चालीचं इंग्रजी नाव मला रुजू झाल्यावर कळलं आणि ते मला फारसं आवडलं नाही.

पण सांगायचं आहे ते इनामगावचं.

माझं गाव न्हावरा. इनामगावला माझी आत्या दिली आहे, आणि कॉलेजात असताना मी रविवारी तिच्याकडं जायची, कारण घरी माझ्या लग्नाच्या गोष्टी निघायच्या आणि आत्याकडं नुसती भाकरी निघायची. एका रविवारी घोडनदीच्या बंधाऱ्यावर मोपेड उभी दिसली आणि शेजारी सर. नदीकडं तोंड करून शेंगा खात होते. मला बघून त्यांनी शेंगा पुढं केल्या, पण इकडे कुणीकडं, ते सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात ते पांढरीवर दिसले. पांढरी म्हणजे गावाबाहेरचं टेकाड, जिथं पूर्वी खोदकाम होऊन फार जुन्या वस्तीची खापरं निघाली होती. तिथं उभं राहिलं की गावातल्या घरांचे पत्रे दिसतात. सर पत्र्यांकडं बघत होते.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "तुझे मास्तर व्हय ते? चारपाच वरसं झाली येत्यात. आधी म्हणं न्हावऱ्याच्या चौकातनंच माघारी जायचे. मग फाट्यापर्यंत यायला लागले. आता पांढरीपर्यंत आलेत. गावात पाय ठेवत न्हाईत. कुणाचं काय घेणं हाय देव जाणं."

मला राहवलं नाही. सोमवारी क्लास सुटल्यावर मी थांबले आणि विचारलं. सर बराच वेळ फळा पुसत होते, फळा पुसून झाला होता तरीही. मग त्यांनी फळ्यावर एक काढला आणि शेजारी शून्य.

"आमच्या मशीनला दोन चाली," ते म्हणाले. "झिरो दिला की टूल, म्हंजी कापायचं हत्यार, सुसाट जाणार. वाटंत काय हाय ते बघणार न्हाई. वन दिला की आपण सांगू त्या वेगानं, दमानं. टूल जॉबच्या, म्हंजी कापायच्या तुकड्याच्या, जवळ आलं की झिरो सोडून वन घ्यायचा. मी लई लांबनंच वन घ्यायचो. माझे प्रोग्रॅम हळू म्हणून समदे बोंबलायचे. पण टूल येईस्तोवर ब्रशनं जॉबवरचा चुरा झाडून व्हायचा. दार उघडं ठिवून, हात आत घालून. तसं करायचं नसतं. समदेच करायचे."

इनामगावचा एक गडी त्यांच्याबरोबर एकाच दिवशी कंपनीत लागला होता. जोडीदार म्हणायचे त्याला. डबा एकात, गाडी एक, सुट्टीच्या दिवशी एकमेकांच्या शेतावर. एका नव्या जॉबचा प्रोग्रॅम सरांनी संध्याकाळी लिहून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. त्या मशीनवर जोडीदार होता. दुपारी त्यानं नेहमीसारखा चुरा झाडायला हात घातला आणि टूल दमानं आलंच नाही.

"उजव्या हाताची तीन बोटं," सर म्हणाले. "तिसऱ्या दिवशी मला स्क्रीन दाखवली. त्या ओळीला झिरो हुता. वर माझं नाव."

"तुम्ही झिरो लिहिला होता?"

"लिहिलाच असंल की."

"आठवतं तुम्हाला?"

"आठवायला गेलं तर वनच आठवतो. पण आठवणीला कोण इचारतंय. स्क्रीनवर झिरो हुता." त्यांनी फळ्यावरचा शून्य पुसला, एक तसाच ठेवला. "आठ दिवसांत नोकरी सोडली. नऊ वरसं झाली त्याला. त्याला दवाखान्यात बघायला न्हाई गेलो. धीर झाला न्हाई. एकदा त्याच्या म्होरं जाऊन सांगायचंय की चूक माझी हाय. तेवढं झालं की मी मोकळा."

"मग जा की सर! पांढरीवरून दिसतंय घर!"

"चाललोय की. दर बारीला थोडं म्होरं जातो."

"तुम्हीच शिकवलंय, असं माणूस कधीच पोचत न्हाई म्हणून."

ते हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. मला माझ्या जिभेचा राग आला. नऊ वर्षं एक माणूस एक वाक्य घेऊन फिरतोय आणि ते वाक्य ठेवायला त्याला जागा मिळत नाही, हे मला त्या दिवशी नीट समजलं. पेन झटकन घेतलं होतं तेही आठवलं.

जोडीदाराचं घर कुठलं ते मी आत्याला विचारून ठेवलं होतं. त्यानंतर दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. इकडचंतिकडचं झाल्यावर म्हणाली, "तुझे मास्तर ज्या घराकडं बघत बसत्यात ना, ते लोक चाललेत. पोराला रेल्वेत नोकरी हाय, दौंडला फ्लॅट घेतलाय त्यानं. उद्या टेम्पो यायचाय. घराला कुलूप."

मी तडक क्लासवर गेले. सरांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीवर बसले.

"दौंडला जाऊन भेटा मग," मी म्हटलं. "दौंड काय लांब न्हाई."

"तितं कुठं जाऊ? तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवू? सून दार उघडणार. तिला काय सांगू, मी कोण म्हणून?" ते म्हणाले. "त्याच्या अंगणात उभं ऱ्हाऊन सांगायचं हुतं. त्या अंगणात मी जेवलोय."

ते अंगण आणखी एकच दिवस होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटीवर पुढं आणि सर मोपेडवर मागं, असे आम्ही निघालो. मी आरशात बघत होते, दर मैलाला मोपेड मागं पडत होती. पांढरीपाशी त्यांनी इंजिन बंद केलं. गाडी थोडी पुढं गेली आणि थांबली. सर खाली उतरले नाहीत. खाली गावात एका अंगणात टेम्पो दिसत होता आणि त्यात कुणीतरी लोखंडी कॉट चढवत होतं.

"हितनं म्होरं मी कवा गेलो न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि सकाळचे आठ वाजले होते.

माझ्या डोक्यात दहा गोष्टी आल्या, सगळ्या शहाणपणाच्या. सुदैवानं त्यातली एकही मी बोलले नाही. मी स्कूटी लावली, मोपेडच्या मागं गेले आणि गाडी ढकलायला लागले. उतार होता. सरांनी ब्रेक दाबला नाही. घाईचं माणूस म्हणून जन्माला आल्याचा मला तेवढा एकदाच उपयोग झाला.

जोडीदार टेम्पोच्या मागच्या उघड्या फाळक्याशी उभा होता. सरांपेक्षा वयानं थोडा मोठा, दाढी वाढलेली, उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. तो आम्हाला बघून एकदम ताठ झाला. बायको घरातून कळशी घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. सर अंगणाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले आणि शाळेतल्या पोरानं पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाले,

"त्या ओळीत मी झिरो लिहिला. मला वन लिहायचा हुता. माझ्या हातनं चूक झाली आन् तुझा हात गेला. हे सांगायला मी आलोय. आदीच यायला पायजे हुतं."

जोडीदारानं बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटलं. तो फाळक्यावर बसला.

"तू वनच लिहिला हुता," तो म्हणाला.

सरांना ऐकू आलं नाही की काय, ते तसेच उभे.

"सकाळी पीस निघत नव्हते. तुझी चाल लई दमाची. शिफ्टचा आकडा गाठायचा हुता. मी त्या वनचा झिरो केला. चाळीस पीस काढले तसे. चुरा झाडायचाच न्हाई असं ठरवलं हुतं. दुपारी जेवून आलो आन् इसरलो. हाताला सवय तुझ्या चालीची. गेला आपसूक आत."

"मग..." सर म्हणाले आणि थांबले.

"दवाखान्यातनं आलो तवर तू गेलता सोडून. साहेब म्हणाले, चूक प्रोग्रॅमची हाय, तुझी न्हाई, तुला बसायचं काम देतो. मी गप बसलो." तो खाली मातीकडं बघून बोलत होता. "बोललो असतो तर तेबी काम गेलं असतं. पोरगं तवा धावीत हुतं. मग रोज वाटायचं आज शिरूरला जावं. पांढरीवर तू येतोस हे बी ठावं हुतं मला. घरात बसून बघायचो. तू खाली उतरू नये म्हणून देवाला हात जोडायचो."

मला त्या माणसाचा इतका राग आला की माझे कान तापले. नऊ वर्षं! सर स्वतःचं एक अक्षर तपासू शकत नव्हते, दुकानापाशी गाडी आणताना शंभर पावलं आधी इंजिन बंद करत होते, आणि हा इथून पत्र्याखालून बघत बसला होता. मी काहीतरी बोलणारच होते. सरांनी माझ्याकडं न बघताच हात वर करून मला गप्प केलं.

त्यांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. त्यावर आनंद नव्हता. सुटका झालेला माणूस असा दिसत नाही. कुणीतरी घरातली एखादी मोठी वस्तू एकाएकी उचलून नेल्यावर माणूस त्या रिकाम्या जागेकडं बघतो, तसे ते समोर बघत होते. टेम्पोचा ड्रायव्हर केबिनमधून वाकून म्हणाला, निघायचं का मामा?

सर दोन पावलं पुढं गेले.

"बघू हात," ते म्हणाले.

जोडीदारानं टॉवेलासकट हात पोटाशी घेतला. "ऱ्हाऊ दे."

"बघू."

सरांनी तळहात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. बायकोच्या कळशीतलं पाणी उंबऱ्यावर सांडत होतं, तिला भान नव्हतं. शेवटी जोडीदारानं डाव्या हातानं टॉवेल सोडला. अंगठा आणि करंगळी, मध्ये गुळगुळीत कातडी. तो हात त्यानं सरांच्या हातावर ठेवला, आणि सरांनी वरून दुसरा हात ठेवला.

"दुखतं का?"

"थंडीत."

सरांनी मान हलवली. मग त्यांचा आवाज फुटला.

"लई वाईट केलंस तू माझं," ते म्हणाले. "लई वाईट केलंस." जोडीदार रडायला लागला. सरही रडत होते, आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, पण त्याचा हात त्यांनी सोडला नव्हता.